उपाशीपोटी म्हणजे उपास नव्हे : सोनोग्राफीला जाण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासूबाई ६४ वर्षांच्या. पंधरा वर्षांचा मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, शिवाय बीपीची गोळी. महिनाभर उजव्या बरगडीखाली दुखतंय, लघवीला जळजळही होते, म्हणून डॉक्टरांनी पोट आणि ओटीपोटाची सोनोग्राफी लिहून दिली. नंबर मिळालाय सकाळी अकराचा. चिठ्ठीवर फक्त ‘उपाशीपोटी, लघवी भरून’ एवढंच. पाणी चालेल का? इन्सुलिनचं काय करायचं? त्यांना लघवी धरवत नाही, त्याचं काय? आणि विचारणारी सून स्वतः पाच महिन्यांची गरोदर आहे. तिची सोनोग्राफी पुढच्या आठवड्यात. तिनेही उपाशीच जायचं का, आणि कागदपत्रं कोणती न्यायची?

आधी एक काम करा. आजच सेंटरला फोन लावा आणि अकराचा नंबर बदलून सकाळी आठ-साडेआठचा मागून घ्या. ‘पेशंट इन्सुलिनवर आहे’ एवढं सांगितलं की बहुतेक ठिकाणी कुरकुर न करता बदलून देतात. अकराचा नंबर म्हणजे प्रत्यक्षात बारा. मध्ये एखादी तातडीची केस आली की साडेबारा. मधुमेहाच्या माणसाला तेवढा वेळ उपाशी बसवणं हे त्या तपासणीतल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त धोक्याचं आहे.

मी बावीस वर्षं सोनोग्राफी करते आहे, त्यातली बरीचशी तालुक्याच्या गावी. तयारीच्या सूचना कागदावर दोन ओळींच्या असतात, पण त्या दोन ओळींमागचं कारण कुणी सांगत नाही, आणि कारण माहीत नसलं की माणसं आपापल्या परीने अर्थ लावतात. एकदा संकष्टीच्या दिवशी एक काकू आल्या. पोटावर प्रोब, म्हणजे आमचं हातात धरायचं यंत्र, ठेवला तर जठर भरलेलं, पित्ताची पिशवी पार आकसलेली. ‘काकू, काही खाल्लंत का?’ तर म्हणाल्या, ‘छे हो, उपाशीच आहे. उपास आहे ना आज माझा. थोडी साबुदाण्याची खिचडी घेतली तेवढीच.’ थोडी म्हणजे बशीभर, वर तूप आणि दाण्याचं कूट. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीने फोनवर ‘उपास ठेवून या’ असं सांगितलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे ‘उपाशी’ हा शब्दच वापरत नाहीत. ‘रात्री नऊनंतर साध्या पाण्याशिवाय तोंडात काहीही घालायचं नाही, चहासुद्धा नाही’ असं पूर्ण वाक्य सांगतात.

आता कारण. सोनोग्राफी म्हणजे आवाजाचा खेळ. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पोटासाठी आम्ही वापरतो तो प्रोब साधारण पस्तीस लाख कंपनांचा आवाज आत सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपतो. यात क्ष-किरण नाहीत, किरणोत्सर्ग नाही. हा आवाज पाण्यातून आणि मऊ अवयवांतून छान जातो. हवेपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. हवा लागली की जवळजवळ सगळाच आवाज तिथूनच उलटा फिरतो, पलीकडचं काही दिसत नाही. पोटावर ते गारगार जेल लावतात तेही एवढ्याचसाठी की प्रोब आणि कातडी यांच्यात हवेचा पातळ थरही राहू नये. म्हणून तयारी कुठलीही असो, खटपट एकच : वाटेतली हवा कमी करायची आणि जमेल तिथे पाणी आणायचं. हे एकदा लक्षात आलं की सूचना पाठ करायची गरज राहत नाही.

उपाशीपोटीचं कारण दुहेरी आहे. एक, जेवणानंतर जठरात आणि आतड्यात अन्न आणि गॅस असतो आणि त्यामागे स्वादुपिंड झाकलं जातं. दुसरं आणि तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत जास्त महत्त्वाचं, म्हणजे पित्ताशय. उजव्या बरगडीखाली दुखतंय म्हटल्यावर डॉक्टरांच्या मनात पहिली शंका पित्तखड्यांची असणार. रात्रभर काही खाल्लं नाही की पित्ताशय पित्ताने भरून छान फुगतं, पाण्याच्या फुग्यासारखं. त्यात खडा असेल तर पांढरा ठिपका आणि त्यामागे पडलेली काळी सावली लख्ख दिसते. स्निग्ध काही पोटात गेलं की ते आकुंचन पावून पित्त आतड्यात सोडतं. मग उरते ती सुरकुतलेली पिशवी. लहान खडे त्या घडीत हरवतात आणि भिंत उगाच जाड दिसते.

म्हणूनच चहा नाही. ‘फक्त चहाच तर घेतला’ हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा ऐकते. आपला चहा म्हणजे निम्मं दूध. तेवढं दूध पित्ताशयाला पुरतं. हे मी स्वतः चूक करून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंच्या रिपोर्टमध्ये मी ‘पित्ताशयाची भिंत जाड’ असं लिहून मोकळी झाले. उपाशी पित्ताशयाची भिंत तीन मिलिमीटरच्या आत असते, त्यांची चारच्या वर भरत होती. आठवडाभर प्रतिजैविकं घेऊन त्या परत आल्या तेव्हा भिंत अगदी व्यवस्थित. विचारलं तेव्हा कळलं की पहिल्या वेळी घरून निघताना सुनेने आग्रहाने कपभर चहा पाजला होता. तेव्हा मी विचारलंच नव्हतं. आता प्रोब हातात घेण्याआधी विचारते, आणि ‘काही खाल्लं का’ असं नाही, ‘चहा कधी घेतला’ असं. उत्तर खरं येतं.

तर सासूबाईंचं रात्रीचं जेवण आठपर्यंत आटपू द्या. हलकं असावं : भात-वरण, फुलका, दुधीची भाजी असं काही. त्या रात्री मटकीची उसळ, छोले, कोबी, सोडावॉटर नको. सहा ते आठ तास पोट रिकामं असलं की पुरे. चौदा तास उपाशी ठेवून चित्र जास्त स्पष्ट येत नाही, उलट रिकाम्या पोटी माणूस आवंढे गिळत राहतो आणि गॅस वाढतो. पूर्वी आदल्या रात्री जुलाबाची गोळी आणि गॅसच्या गोळ्या द्यायची पद्धत होती. मी ती कधीच सोडून दिली, फायदा काही दिसला नाही. सकाळी पोट नेहमीसारखं साफ झालं की झालं.

सकाळची मशेरी हा आमच्या भागातला खास अडथळा. बाया अगदी खात्रीने सांगतात, काही खाल्लं नाही. आणि खरंच खाल्लेलं नसतं. पण अर्धा तास मशेरी लावून थुंकी गिळत बसलं की प्रत्येक आवंढ्याबरोबर हवा आत जाते. तंबाखू, गुटखा, बिडी, च्युइंगगम यांचं तेच. त्या दिवशी सकाळी नको. साधी पेस्ट लावून दात घासायला हरकत नाही.

पाणी चालतं, नुसतं चालतं असं नव्हे, प्यायलाच हवं. उपाशीपोटी आणि लघवी भरून यात तुम्हाला विसंगती वाटली, पण ती नाही. साध्या पाण्याने पित्ताशय रिकामं होत नाही. उलट स्वादुपिंड गॅसमागे दडलं असेल तर मीच कधीकधी पेशंटला टेबलावर बसवून दोन ग्लास पाणी पाजते आणि भरलेल्या जठरातून पलीकडे डोकावते. फक्त पाणी साधं असू द्या. सरबत, ताक, शहाळं, लिंबूपाणी नको. आणि प्यायची पद्धत सांभाळा. आपल्याकडे तांब्या वर धरून घटाघटा ‘वरून’ पाणी प्यायची सवय असते. त्यात पाण्याइतकीच हवा पोटात जाते. भांडं ओठाला लावून, सावकाश, घोट घोट घ्यायला सांगा.

बीपीची गोळी नेहमीच्या वेळी दोन घोट पाण्याबरोबर द्या. ती चुकवून बीपी वाढवून येणारे खूप जण असतात, त्याची काही गरज नाही. थायरॉइडची, फिटची, हृदयाची गोळी असेल तर तीही घ्यायची. साखरेचं औषध वेगळं. सकाळचं इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घ्यायची आणि खायचं नाही, हे कधीच करायचं नाही. साखर धाडकन खाली येते. सकाळचा डोस घरी न देता बरोबर घ्या, तपासणी झाली की तिथेच डोस आणि मग नाश्ता. रात्री लांब पल्ल्याचं इन्सुलिन असेल तर त्यात बदल करायचा की नाही हे त्यांच्या डॉक्टरांना आदल्या दिवशी फोन करून विचारा, ते मी इथून सांगणं बरोबर नाही. घरी ग्लुकोमीटर असेल तर निघण्यापूर्वी एकदा बोटातून साखर बघा. वाटेत किंवा नंबरची वाट बघताना घाम सुटला, हात थरथरले, बडबड असंबद्ध वाटली, किंवा मीटरवर ७०च्या खाली आकडा आला, तर त्याच क्षणी तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या. सोनोग्राफीची फिकीर करू नका, ती उद्या होईल. आम्हाला कुणी रागावत नाही आणि आम्हीही रागावत नाही.

जाता जाता एक सोय सांगते. बऱ्याचदा त्याच दिवशी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही तपासायची असते. मग क्रम असा : आधी रक्त, मग सोनोग्राफी, मग औषध आणि नाश्ता, आणि नाश्त्यानंतर दोन तासांनी दुसरं रक्त. एकाच फेरीत काम होतं. दुर्बिणीची तपासणी किंवा बेरियम नावाचं पांढरं औषध पाजून काढायचा एक्स-रेही लिहून दिला असेल तर सोनोग्राफी त्यांच्या आधी. दुर्बिणीने पोटात हवा भरली जाते, आणि बेरियम आवाज अडवतं.

आता लघवी. ओटीपोटातले अवयव, म्हणजे गर्भाशय, अंडाशय, पुरुषांत प्रोस्टेट, हे आतड्यांच्या वेटोळ्यांमागे असतात आणि आतड्यात गॅस. लघवीची पिशवी भरली की ती आतड्यांना वर ढकलते आणि स्वतः पाण्याची खिडकी होते. त्या खिडकीतून आम्ही पलीकडे बघतो. ही युक्ती ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड यांची. धातूतल्या भेगा शोधायच्या यंत्रावरून कल्पना घेऊन त्यांनी माणसाच्या पोटात बघायला सुरुवात केली, १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध आला आणि १९६०च्या दशकात भरलेल्या मूत्राशयाचा उपयोग त्यांच्या लक्षात आला. आज वेटिंग हॉलमध्ये पाय एकमेकांत गुंतवून बसलेल्या तमाम जनतेने शिव्या कुणाला द्यायच्या ते यावरून ठरवावं.

सासूबाईंच्या बाबतीत लघवीला जळजळ आहे, म्हणजे पिशवीची भिंत, आत काही खडा-गाळ, आणि लघवी करून झाल्यावर आत किती उरते हे सगळं बघायचं असणार. त्यासाठी पिशवी भरलेली हवीच. नंबरच्या तासभर आधी चार-पाच ग्लास, म्हणजे साधारण लिटरभर पाणी पिऊन संपवायचं आणि मग लघवीला जायचं नाही. पाणी पिशवीत उतरायला पाऊण-एक तास लागतो. सेंटरला पोचल्यावर बाटली तोंडाला लावून पाच मिनिटांत ‘झालं का हो?’ विचारण्यात अर्थ नसतो. ज्यांना किडनीच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी हे लिटरचं गणित मुळीच करायचं नाही. ते आम्हाला सांगायचं, आम्ही त्यांची वाट बघतो किंवा आहे त्यात भागवतो. लघवीची नळी असेल तर ती किती वेळ बंद ठेवायची ते आधी विचारून घ्या.

आणि त्यांना धरवत नाही, हे सांगायला लाजू नका. या वयात बाळंतपणं झालेल्या निम्म्या बायकांची ही तक्रार असते, आणि त्या ती सुनेलाही सांगत नाहीत, मला तर नाहीच. मग टेबलावर चढताना अपघात होतो आणि त्या बिचाऱ्या दिवसभर मान वर करत नाहीत. रिसेप्शनला जाऊन हळूच म्हणा, ‘आईंना लघवी धरवत नाही, प्रेशर आलं की लगेच घ्याल का?’ आम्ही मधे घेतो. अगदीच असह्य झालं तर अर्धी लघवी करून यायची. ‘अर्धी कशी करायची?’ असं सगळे विचारतात. आमच्या मावशी हातात चहाचा कागदी कप देतात आणि सांगतात, ‘हे दोन कप भरले की थांबायचं.’ चक्क जमतं. बरोबर एक जास्तीचा परकर किंवा सलवार आणि एक पॅड ठेवा.

तुंबून यायची तर मुळीच गरज नाही. आम्हाला तीनशे-साडेतीनशे मिलिलीटर पुरतं. काही जण सकाळी उठल्यापासून लघवीला न जाता आणि वर दोन लिटर पिऊन येतात. त्यांची पिशवी बेंबीपर्यंत येते, किडनीतली लघवी खाली उतरायला जागा राहत नाही आणि किडन्या किंचित सुजल्यासारख्या दिसतात. अशा वेळी पेशंटला लघवी करून यायला सांगून पुन्हा बघावं लागतं. सूज गेलेली असते. ते न बघता रिपोर्ट गेला तर माणूस नसलेला मुतखडा शोधत मूत्ररोगतज्ज्ञाकडे पोचतो. प्रोस्टेटच्या आजोबांचंही असंच. पिशवी प्रमाणाबाहेर ताणली की ती नीट आवळत नाही आणि आत उरलेली लघवी खऱ्यापेक्षा जास्त भरते. म्हणून लघवी करून आल्यावर आकडा फारच मोठा आला तर मी त्यांना दहा मिनिटांनी पुन्हा पाठवते.

स्त्रीरोगासाठी आतून, म्हणजे योनिमार्गातून, करायची सोनोग्राफी असेल तर उलटं : मूत्राशय रिकामं करूनच जायचं. ती लिहिली आहे का हे चिठ्ठीवर बघा. अविवाहित मुलींची ती करत नाहीत, त्यांच्यासाठी पोटावरूनच, लघवी भरून.

कपड्यांचं साधं आहे, पण त्यात रोज वेळ जातो. नऊवारी किंवा घट्ट नाडीचा परकर नको; बरगडीपासून जांघेपर्यंत पोट उघडं करता येईल असं काही. सलवार-कुर्ता किंवा पुढून बटणं असलेला गाऊन सगळ्यात बरा. जेलचे डाग पडत नाहीत, पाण्याने जातं, तरी घरचा एक जुना टॉवेल घ्या. सेंटरमधला टिश्यू कातडीला चिकटतो आणि त्याचे गोळे होतात. दागिने पोटाच्या तपासणीत आड येत नाहीत. मानेची किंवा थायरॉइडची असेल तर मात्र मंगळसूत्र, चेन, बोरमाळ घरीच ठेवून या, तिथे काढून पर्समध्ये टाकलेली वस्तू हरवल्याचे प्रसंग मी पाहिलेत.

मानेची, स्तनांची, अंडकोषांची, सांध्यांची किंवा पायांच्या शिरांची सोनोग्राफी असेल तर तयारी काहीच नाही, जेवून या. स्तनांच्या तपासणीला पावडर लावू नये. फुगलेल्या शिरांसाठी बराच वेळ उभं राहून तपासतात, त्यामुळे सैल हाफ पँट आणि पोटात काहीतरी असलेलं बरं, नाहीतर चक्कर येते. तान्ह्या बाळाच्या पोटाची असेल तर फक्त एक पाजणं पुढे ढकलायचं आणि पाजायची तयारी बरोबर ठेवायची. रडलं की हवा गिळतं, मग आम्हालाच काही दिसत नाही, त्यामुळे मधेच पाजून शांत केलेलं मला परवडतं.

आता बरोबर न्यायच्या कागदांचं. डॉक्टरांची चिठ्ठी मूळ हवी, आणि तिच्यावर ‘पोट दुखतं’ यापलीकडे काही लिहिलेलं नसेल तर कुठे दुखतं, कधीपासून, ताप-उलटी-कावीळ, आधीची ऑपरेशन्स हे तुम्ही एका कागदावर लिहून न्या. पित्ताशय काढलेल्या बाईंच्या पोटात मी पाच मिनिटं पित्ताशय शोधत बसलेली आहे. ऑपरेशन दुर्बिणीने झालेलं, व्रण जवळजवळ दिसत नव्हते, आणि ‘ते तर फार जुनं’ म्हणून त्यांनी सांगितलं नाही. जुने सोनोग्राफीचे रिपोर्ट सगळे न्या, चांगले-वाईट सगळे. आज किडनीत अडीच सेंटिमीटरची पाण्याची गाठ दिसली तर तिचं महत्त्व काय हे ती तीन वर्षांपूर्वी किती होती त्यावर ठरतं. मोबाइलमधला तिरका, बोटाची सावली पडलेला फोटो कामाचा नाही. मूळ कागद आणि फिल्म प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा.

बायकांच्या तपासणीत सगळ्यात मोलाची माहिती एकच, शेवटच्या पाळीची पहिली तारीख. ‘नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी’, ‘जाऊबाईंच्या लग्नात’, अशी उत्तरं मिळतात आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर उलटं चाळते. महालक्ष्मीचं असो की कालनिर्णय, तारखेवर पेनाने गोल करून ठेवा. महिन्याच्या कुठल्या दिवशी बघतोय यावर अंडाशयातली गाठ नेहमीची की काळजीची, हे बदलतं. तुमच्या सासूबाईंची पाळी गेलेली असणार. मग किती वर्षांपूर्वी गेली आणि त्यानंतर कधी अंगावरून रक्त गेलं का, एवढं त्यांना विचारून ठेवा. तुमच्यासमोर सांगतील, माझ्यासमोर लाजतील.

तुमच्या स्वतःच्या तपासणीकडे येते. पाच महिन्यांची सोनोग्राफी म्हणजे बाळाच्या अवयवांची, अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास करायची. उपाशी मुळीच जायचं नाही. नेहमीसारखं जेवून, पाणी पिऊन जा. सुरुवातीच्या दोन महिन्यांत गर्भ एवढासा असतो म्हणून पोटावरून बघताना भरलेली पिशवी लागते. आता बाळाभोवतीचं पाणी हीच आमची खिडकी. अगदी लघवी लागलेली नको, पण नुकतीच करूनही जाऊ नका. गर्भाशयाचं तोंड आणि वार बघायला थोडी भरलेली असली तर बरं. या तपासणीला अर्धा तास सहज लागतो आणि बाळ पालथं असलं तर जास्त. मग आम्ही ‘जरा फिरून या, काहीतरी खाऊन या’ म्हणतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त त्याला कूस बदलायला वेळ देतो. बाळाचं सगळंच दिसतं असं नाही. चांगल्या हाताने, चांगल्या मशीनवर केली तरी काही दोष सुटू शकतात. पण ही तारीख पुढे ढकलू नका. काही गंभीर निघालं तर पुढच्या तपासण्या आणि निर्णय यांना वेळ लागतो, आणि गर्भपातासाठी कायद्याने घातलेल्या मुदतीही आठवड्यांत मोजल्या जातात.

तुमचा आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र मूळ न्या, त्याची एक प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधीचे गरोदरपणाचे रिपोर्ट. तिथे तुमच्याकडून ‘एफ फॉर्म’ भरून घेतील. त्यात पत्ता, पाळीची तारीख, आधीची मुलं किती, त्यांची वयं, मुलगा की मुलगी, हे सगळं विचारतात. ‘आधीच्या दोन मुली आहेत हे तुम्हाला कशाला हवं?’ असा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकावा लागतो. मला नको आहे, कायद्याला हवं आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४चा, आणि त्यात या फॉर्मची एक चौकट रिकामी राहिली तरी डॉक्टरला जबाबदार धरतात. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. त्यामुळे रिसेप्शनवरची मुलगी तुमच्या पत्त्यातला पिनकोडही सोडत नाही तेव्हा ती खडूसपणा करत नसते. सही करण्याआधी तुमचं नाव आणि तारीख मात्र स्वतः वाचा.

आणि घरच्यांना आधीच समज द्या. सासूबाई नसतील, पण कुणीतरी आत्या-मामी बाहेर पडता पडता विचारतेच, ‘डॉक्टर, पेढा की बर्फी?’ हसत विचारलं तरी तो प्रश्न गुन्ह्याच्या हद्दीतला आहे. शब्दाने, खुणेने, कशानेही सांगायचं नाही असं कायदा म्हणतो, आणि लिंगनिदानाचा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकालाही त्यात तुरुंगवासाची शिक्षा आहे. माझ्याकडे असं विचारलं की मी मशीन थांबवते आणि विचारणाऱ्याला बाहेर पाठवते. उगाच तुमच्या तपासणीचा मूड जातो. सरकारी दवाखान्यात करणार असाल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर बाईची सोनोग्राफी मोफत आहे, पैसे मागितले तर विचारा.

तयारीचं हे सगळं ठरवून केलेल्या तपासणीसाठी. पोटात अचानक असह्य कळ आली, उजव्या बाजूला खाली दुखून ताप आला, पाळी चुकलेली असताना एका बाजूला दुखून चक्कर आली, तर ‘आत्ताच जेवलोय, उद्या उपाशी जाऊ’ असा विचार करू नका. भरल्या पोटी या, रिकाम्या मूत्राशयाने या, जसे आहात तसे. आम्ही बघू.

सासूबाईंना एक गोष्ट मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या निराश होतील. सोनोग्राफीत सगळं पोट दिसत नाही. जठरातला अल्सर, ॲसिडिटी, आतड्याच्या आतलं अस्तर हे यात दिसत नाही, आणि किडनीतून लघवीच्या पिशवीत उतरणाऱ्या नळीच्या मधल्या भागातला बारीक खडाही बरेचदा निसटतो. त्याला सीटी स्कॅन लागतो. ‘एवढं उपाशी राहिले, एवढं पाणी प्यायले आणि काहीच निघालं नाही’ असं म्हणत त्या बाहेर येतील, तर त्या ‘काहीच नाही’चा अर्थ त्यांच्या डॉक्टरांना विचारायचा. आणि रिपोर्टमध्ये यकृतावर थोडी चरबी लिहून आली तर घाबरू नका. पंधरा वर्षांच्या मधुमेहात ती नसती तर मलाच आश्चर्य वाटलं असतं.

तर आदल्या रात्रीच पिशवी भरून ठेवा : चिठ्ठी, जुने रिपोर्ट, टॉवेल, जास्तीचा परकर, इन्सुलिनचं पेन आणि सुई, साखरेची पुडी, पाण्याची बाटली, आणि डब्यात पोळी-भाजी. पेनला तासा-दोन तासांसाठी बर्फाची गरज नाही, फक्त उन्हात तापलेल्या गाडीत सोडू नका. आठचा नंबर मिळाला तर सातला शेवटचा ग्लास. डबा त्यांच्या नजरेआड ठेवा.